पाचव्या रिळाची विल्हेवाट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, व्यवसाय फिल्मची निगेटिव्ह कापणे व जोडणे (तो व्यवसायच जगातून उठला, त्यामुळे निवृत्त म्हणवून घ्यायचीही सोय नाही), असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात हृदय कमकुवत असल्याचे म्हटले आहे. स्मरणशक्तीबद्दल डॉक्टरांनी काही लिहिलेले नाही. माझ्या बहिणीला विचारले असते तर म्हणाली असती, "तिला सगळं आठवतं, हाच तर तिचा आजार आहे."

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि वकीलबाई पुन्हा पुन्हा लिहायला लावणार नसतील तर हेच शेवटचे.

कलम एक : माणसे. मी लग्न केले नाही. जवळचे म्हणावे असे माणूस एकच, माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. या कागदात तिला सगळीकडे 'धाकटी' म्हटले आहे, कारण मी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाकच मारलेली नाही. तिची मुलगी ती माझी भाची. या दोघींखेरीज माझ्या चीजवस्तूंवर कोणाचाही हक्क नाही. कोणी उपटलाच तर त्याला आधी माझे वय विचारावे.

कलम दोन : घर. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या व स्वयंपाकघर भाचीला मिळावे. बँकेतली ठेवही तिचीच. मागच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. मी ही जागा त्या खिडकीसाठी घेतली, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो आणि त्यात निगेटिव्हवरचा बारीकसा ओरखडाही लपत नाही. भाची तिथे जाड काळे पडदे लावणार हे मला ठाऊक आहे. आईसारखीच तिलाही दिवसभर अंधारात संगणकाच्या पडद्यासमोर बसायचे असते. लावू दे. मी बघायला नसेन. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, तेवढे लक्षात ठेवावे.

कलम तीन : हत्यारे. लाइटचे टेबल, रिळे गुंडाळायचे दोन दांडे, जोड मारायचे यंत्र, दोन कात्र्या, पांढऱ्या सुती हातमोज्यांचे सात जोड. चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेने ही हत्यारे मागितली होती. काचेच्या कपाटात ठेवणार म्हणाले. त्यांना मुळीच देऊ नये. संस्थेतल्या कोण्या पोराला हात लावून बघायचा असेल तर सगळे फुकट न्यावे, कपाटासाठी मात्र एक मोजाही नाही.

हे वाचणाऱ्याला माझे काम काय होते ते कळावे म्हणून लिहिते. पूर्वी कॅमेऱ्यातून निघायची ती निगेटिव्ह. तिच्यावरून एक कामचलाऊ प्रिंट काढत. संकलक त्या प्रिंटवर कापाकापी करायचा. आज कापले, उद्या पटले नाही, चिकटपट्टी काढून परत जोडले. त्याची मजा होती. त्याचे सगळे ठरले की मूळ निगेटिव्ह माझ्याकडे यायची. फिल्मच्या कडेला छापलेले बारीक आकडे जुळवायचे आणि बरोबर तिथे कापायचे. निगेटिव्ह एकच असते. माझ्या कात्रीखाली जे गेले ते गेले. लॅबमध्ये मला सगळे कात्रीबाई म्हणत आणि मी टेबलाशी असताना कोणी शिंकतसुद्धा नसे. हा मान मला आवडायचा. खोटे कशाला बोलू?

कलम चार : टेलिव्हिजन. समोर राहणाऱ्या घड्याळजींना द्यावा. माझे भिंगही त्यांनाच, ते त्यांच्या भिंगापेक्षा चांगले आहे आणि हे ते कधी कबूल करत नाहीत. टेलिव्हिजनला एक अट आहे. आजकालच्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय मुळातच चालू असते. तिने प्रत्येक चित्रपट शेजारच्या खोलीत चाललेल्या मालिकेसारखा दिसतो. मी ती बंद केली आहे. घड्याळजींच्या सूनबाईंनी ती परत चालू केली तर टीव्ही भाचीकडे परत जाईल. वकीलबाई म्हणतात अशी अट न्यायालयात टिकणार नाही. न टिको, सूनबाईंना वाचून तर दाखवा.

कलम पाच : धाकटीविषयी. या कलमात कुठलीही मालमत्ता नाही. वकीलबाईंनी ते गाळायला सांगितले होते, मी गाळणार नाही.

धाकटीला लॅबमध्ये मीच आणले. तिचा हात टेबलावर थरथरायचा. दुसऱ्याच आठवड्यात तिने एक शॉट उलटा जोडला. मी लॅबच्या मोठ्या साहेबांचे पाय धरले म्हणून तिला काढले नाही, फक्त खालच्या मजल्यावर पाठवले. तिथे फिल्मवरून व्हिडिओ कॅसेट बनवायचे मशीन होते. त्या खोलीला आम्ही कोपरा म्हणायचो. घरी बघायच्या कॅसेटसाठी चित्राच्या दोन्ही बाजू कापायच्या, रंग बेताचे करायचे, अंधारात काय चालले आहे ते दिसले नाही तरी कोणी तक्रार करत नसे. मला तिची कीव यायची, आणि ती कीव मी फार प्रेमाने सांभाळली.

मग काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. कॅसेट गेली, डिस्क आली. डिस्क गेली, त्याहून स्पष्ट डिस्क आली. कोपऱ्यातली खोली मोठी होत गेली आणि माझ्या टेबलावरची फिल्म कमी होत गेली. डिजिटल कॅमेरे आल्यावर तर कापायला काही उरलेच नाही. धाकटीला गाडी न्यायला यायची. तिच्या मुलाखती छापून यायच्या. तिच्या खुर्चीमागे मोठमोठे कॅमेरामन हात बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, सावली जरा उजळता येईल का?" त्या इमारतीत ताई म्हणजे मी होते! मला हेवा वाटला. जळफळाट झाला म्हटले तरी चालेल. तिच्या हाताखाली काहीही बिघडले की एक बटण दाबून ती परत पूर्वीसारखे करायची. माझ्या उभ्या आयुष्यात मला असे एक बटण मिळाले नाही.

फिल्म चांगली की डिजिटल, यावर मी वीस वर्षे तावातावाने भांडले. फिल्मवरच्या चित्राचा बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, जिवंत असतो, डिजिटलमध्ये चेहरे साबणाने धुतल्यासारखे दिसतात, अंधार अंधार राहत नाही, राखाडी होतो, वगैरे वगैरे. त्यातले बरेचसे खरे आहे. पण फिल्म सरस ठरली तर मी जिंकणार होते आणि डिजिटल सरस ठरले तर धाकटी, हे मी भांडताना एकदाही विसरले नाही. तिने दुरुस्त केलेल्या एका जुन्या चित्रपटाची डिस्क पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हा मी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसले, भिंग घेऊन. म्हटले, सापडेल काहीतरी. दाणा जागच्या जागी होता. सावल्या जागच्या जागी होत्या. डिस्क काढणाऱ्या कंपनीचा माणूस दाणा पुसून टाका म्हणत होता आणि धाकटी त्याच्याशी भांडली, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

कलम सहा : दोन फ्रेम्स. लॅबच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, एका जुन्या चित्रपटाची डिस्क निघायची ठरली. नऊ रिळांचा चित्रपट, निगेटिव्ह मी कापलेली. त्याचे कॅमेरामन एकदा मला म्हणाले होते, "कात्रीबाई, माझा जीव तुमच्या हातात असतो." मला आयुष्यात मिळालेली शाबासकी एवढीच, पण पुरली होती.

डिस्कचे काम अर्थात धाकटीकडे. लॅब बंद व्हायला आली होती, तळघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून गेल्या होत्या, म्हणून डबे ओळखायला मला घरून बोलावले. पहिल्या आठवड्यात मी पहिली चार रिळे शोधून दिली. ती तयार झाल्यावर धाकटीने कॅमेरामनला आणि मला दाखवायला बोलावले. कंपनीची दोन माणसेही होती. दिवे लागले तेव्हा कॅमेरामनचे डोळे भरले होते. ते धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शूट करताना मी डोळ्यांनी जे पाहिलं होतं, ते आज परत पाहिलं. मधली तीस वर्षं मी फक्त प्रिंटा बघत होतो."

एवढ्यावर भागले असते तर मी गिळले असते. पण धाकटीला आनंदात तोंड आवरत नाही, लहानपणापासून. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या रिळात दाराच्या शॉटला दोन फ्रेम्स कमी आहेत गं! जोडाच्या अलीकडे कापलंयस. मी आजूबाजूच्या फ्रेम्सवरून भरून काढल्या, आता कळणारही नाही."

हे खरे होते. जोड मारताना पुढच्या फ्रेमचा काठ खरवडावा लागतो, म्हणून खुणेच्या पलीकडे कापायचे असते. मी अलीकडे कापले. दोन फ्रेम्स म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. दार मिटताना चित्राला बारीकसा हिसका बसायचा. चित्रपट पहिल्यांदा दाखवला तेव्हा कॅमेरामन म्हणाले होते, "इथे माझा हात हलला वाटतं," आणि मी शेजारी बसून गप्प राहिले होते. तीस वर्षे गप्प राहिले होते.

आता ते हसले. "म्हणजे माझा हात हलला नव्हता तर!" एवढेच म्हणाले. त्या हसण्यात राग नव्हता, कंपनीची माणसेही हसली, धाकटीही हसली. मीही हसले.

कलम सात : कबुली. दुसऱ्या दिवशी मी तळघरात जाऊन उरलेले पाच डबे काढले. चार टेबलावर ठेवले. पाचव्या रिळाचा डबा माझ्या कापडी पिशवीत घातला आणि वर पालेभाजीची जुडी ठेवली. जिन्यात धाकटी भेटली. "काय गं ताई, भाजी?" म्हणाली. मी म्हटले, "हो, स्वस्त मिळाली." मग मी सगळ्यांना सांगितले की पाचवे रीळ सापडत नाही, मागे तळघरात पुराचे पाणी शिरले तेव्हा भिजून बहुतेक फेकले गेले असेल. माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, कारण कात्रीबाई खोटे बोलत नाही असा माझा लौकिक होता. तो लौकिक मी त्या दिवशी खर्चून टाकला.

पाचव्या रिळात स्वयंपाकघराचा प्रसंग आहे. नायिका चुलीपाशी बसून काहीच करत नाही, नुसता विचार करते. खिडकीतला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, उरलेला अर्धा अंधारात. त्या अंधारातही तिचा डोळा दिसतो. कॅमेरामनने आयुष्यात केलेले सगळ्यात चांगले काम ते. निगेटिव्ह नसल्यामुळे धाकटीला ती अकरा मिनिटे एका झिजलेल्या जुन्या प्रिंटवरून घ्यावी लागली. प्रिंटमध्ये सावल्या मुळातच मेलेल्या असतात. अर्धा चेहरा काळा ठिक्कर. डोळा नाही.

डिस्क बाजारात आली. चित्रपटांच्या मासिकात एकाने लिहिले, चव्वेचाळीस ते पंचावन्न मिनिटे रंग जुळवणाऱ्या कलरिस्टबाईंना डुलकी लागली असावी. लोकांनी इंटरनेटवर याहून वाईट लिहिले. मी मासिकातले पान कापून कपाटात ठेवले, सरळ रेषेत, काठ न फाटू देता. आठवडाभर मला फार बरे वाटत होते. मी गाणी गुणगुणत होते, घड्याळजींनी विचारलेसुद्धा.

मग कॅमेरामनचा फोन आला. त्यांनी घरी डिस्क लावून बघितली होती. धाकटीबद्दल एक वाईट शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "कात्रीबाई, माझं स्वयंपाकघर गेलं हो." मला वाटले आत्ता सांगावे. मी म्हटले, "वाईट झालं." पुढच्या वर्षी ते गेले. डिस्कवर जे होते तेच शेवटचे पाहून गेले.

कलम आठ : पाचव्या रिळाची व्यवस्था. आता तोच चित्रपट आणखी मोठ्या, आणखी स्पष्ट चित्रात घरोघरी निघणार आहे. काम पुन्हा धाकटीकडेच आले आहे. तिचेही वय पासष्ट. हे बहुधा तिचे शेवटचे काम. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "सगळं छान होईल, पण मधली अकरा मिनिटं बघवणार नाहीत. लोक परत मलाच धुतील." मी म्हटले, "सवय झाली असेल तुला." असे मी अजूनही बोलते.

म्हणून मी या कलमाचा पहिला मसुदा असा केला होता : "माझ्या पश्चात माझ्या कपाटातल्या खालच्या खणातली त्या चित्रपटाच्या पाचव्या रिळाची मूळ निगेटिव्ह धाकटीला द्यावी." म्हणजे मी मेल्यावर तिला कळणार, मला तिचे तोंड बघावे लागणार नाही, आणि चित्रही वाचणार. मला ही युक्ती फार आवडली होती. नंतर डबा उघडला. झाकण काढताच नाकात आंबट वास गेला. लॅबमधल्या प्रत्येकाला हा वास कळतो. फिल्म आंबायला लागली की ती आखडते, वाकते, मग तिच्यावरचे चित्र पापुद्र्यासारखे सुटते. ही टिकेल एक वर्ष, फार तर दीड. डॉक्टरांनी मला किती दिले आहे ते त्यांनी सांगितलेले नाही, पण माझ्या तब्येतीवर रीळ अवलंबून ठेवणे बरोबर नव्हते. मी आणखी पाच वर्षे धडधाकट जगले तर स्वयंपाकघर कायमचे गेले असते, आणि माझ्या हट्टासाठी मला लवकर मरावे लागले असते.

वकीलबाईंना विचारले, "मृत्युपत्रातलं एखादं कलम आधी लागू करता येतं का?"

त्या म्हणाल्या, "आजी, त्याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. त्याला फोन करणं म्हणतात."

आणखी तीन दिवस मी फोनकडे बघत काढले. आज सकाळी केला. धाकटी दहा वाजता आली. मी डबा टेबलावर ठेवला आणि कलम सहा व सात तिला वाचायला दिले, कारण तोंडाने मला सांगता येत नव्हते. तिने चष्मा लावून दोन्ही कलमे वाचली. मग झाकण उघडले, वास घेतला आणि म्हणाली, "आंबलंय गं. हातमोजे आहेत का?"

मी मोजे दिले. तिने टोकाची फिल्म उजेडात धरली. तिचा हात थरथरला नाही. मला तिच्याकडून एक थोबाडीत परवडली असती. तिने एक प्रश्न विचारला नाही, एक शब्द टाकून बोलली नाही. कसली असतात ही माणसे! मला तिचा याबद्दलसुद्धा हेवा वाटला, आणि हे मी शुद्धीवर असताना लिहिते आहे.

सबब पाचवे रीळ आता माझ्या मालमत्तेत नाही. वरचा मसुदा रद्द समजावा. धाकटीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. तिला आणखी काही द्यावे असे माझ्याजवळ नाही, आणि ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येते असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून तिलाच साक्षीला बसवले आहे.

माझी एकच विनंती आहे, ती पाळायला कोणी बांधील नाही. तिसऱ्या रिळातल्या त्या दोन फ्रेम्स नव्या आवृत्तीत भरू नयेत. हिसका राहू द्यावा. तिथे हात माझा हलला होता.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, वाचला आहे, आणि तो मला मान्य आहे. पान चारवर एका ठिकाणी शाई पसरली आहे. ते पाणी आहे, खाडाखोड नाही.

स्थळ : माझ्या घरातली मागची खोली, उत्तरेची खिडकी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२३, शनिवार, दुपारचे पाऊण

सही : कात्रीबाई

साक्षीदार पहिला : समोरचा घड्याळजी. सही माझ्यासमोर झाली. भिंगाबद्दल कलम चारमध्ये जे लिहिले आहे ते मला मान्य नाही, तरी भिंग घेईन.

(घड्याळजींना भिंग व टीव्ही मिळत असल्याने त्यांची साक्ष चालत नाही असे वकीलबाईंनी फोनवर कळवले. वरची सही तशीच राहू द्यावी. त्यांच्या जागी तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सही केली आहे.)

साक्षीदार दुसरी : तळमजल्यावरची शिक्षिका. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार तिसरी : धाकटी. सही माझ्यासमोर झाली. ताई आता चहा ठेवायला गेलीय, तेवढ्यात लिहिते. त्या दिवशी जिन्यात तिने ती पिशवी दोन्ही हातांवर ताटासारखी आडवी धरली होती. भाजी अशी कोणी नेत नाही. असा फक्त फिल्मचा डबा नेतात, आणि तसा न्यायला मला तिनेच शिकवलं होतं. तेव्हा मला जिन्यातच कळलं. दोन फ्रेम्सचं मी चारचौघांत बोलायला नको होतं, हेही तेव्हाच कळलं. कंपनीने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी शपथेवर सांगितलं की रीळ पुरात गेलं. कॅमेरामनसाहेबांना त्यांचं स्वयंपाकघर परत देणं माझ्याही हातात होतं. ताईने सगळा दोष स्वतःच्या एकटीच्या नावावर लिहून घेतलाय. त्यातला अर्धा माझा आहे, तो वाटणीत घालायचा राहिला.